‘हीटर लागतो कुठे?’ म्हणणाऱ्यांना

गाडीचा हीटर चालत नाही अशी तक्रार घेऊन महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात जा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, आपल्याकडे हीटर लागतो कुठे?’ पाठोपाठ तोडगाही ठरलेला: ‘बायपास करून देतो.’ इंजिनाकडून हीटरकडे जाणारा एक आणि तिकडून परत येणारा एक, असे दोन रबरी पाइप असतात. ते हीटरपासून सोडवायचे, टोकं एकमेकांना जोडायची, क्लिपा आवळायच्या. मागवलेला चहा यायच्या आत काम संपतं. मालक खूश, मेकॅनिक मोकळा.

हा नुसता जुगाड राहिला असता तर त्याच्यावर लेख लिहायची गरज नव्हती. गाडी रस्त्यात अडली की असं करावंच लागतं, आणि करून देणाऱ्याचे आभारच मानावेत. पण अलीकडे या जुगाडाला तत्त्वज्ञान चिकटलं आहे. गाड्यांतलं कळणारी, निदान कळतं असं मानणारी माणसं आता ठामपणे सांगतात, की आपल्या हवेत हीटर ही निव्वळ चैन आहे. थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन उलट सुखात राहतं. हीटर बिघडलाच तर दोष मालकाच्या हलगर्जीपणाचा. आणि दुरुस्तीचा खर्च पाहता तो तोडून टाकणं हेच शहाणपण. यातली पहिली दोन विधानं साफ चुकीची आहेत. तिसरं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं. चौथ्यात मात्र दम आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

थंडीचा मुद्दा आधी बाजूला काढू. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी पाच अंशांच्या खाली जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं वर्षाआड छापून येतात. पण मला त्याचा आधार घ्यायचा नाही. स्वेटर घालून गाडी चालवता येते. महाराष्ट्रात हीटरचं खरं काम डिसेंबरात नसतं, जुलैत असतं.

ताम्हिणी, वरंध, आंबोली, कुठलाही घाट घ्या. बाहेर पाऊस कोसळतो आहे, आत चार माणसं, त्यांचे ओले कपडे, त्यांचे श्वास. पावसानं गार पडलेल्या काचेवर आतली वाफ जमते आणि समोरचं वळण दिसेनासं होतं. अशा वेळी जाणता चालक एसी लावतो, कारण एसीच्या कूलिंग कॉइलवरून जाताना हवेतलं पाणी गळून पडतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढची गंमत कोकणात उतरल्यावर कळते. भर पावसाळ्यात किनारपट्टीच्या हवेत इतकी वाफ असते की पंचवीस अंशांच्या काचेवरही ती जमू शकते. गारेगार हवा थेट समोरच्या काचेवर सोडली की काच त्याखाली उतरते आणि आता बाहेरून धुकं धरतं. वायपर मारला की स्वच्छ, दोन मिनिटांत पुन्हा पांढरं. आतून फडक्यानं पुसणाऱ्याला काही केल्या कळत नाही की आपण चुकीची बाजू पुसतो आहोत.

यावर उपाय एकच: हवा कोरडी हवी, पण गार नको. गाडीत ही सोय आहे. बहुतेक गाड्यांत पंख्याची हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते, तिथे कोरडी होते, आणि मग एका झडपेच्या हुकमाप्रमाणे तिचा काही भाग हीटरच्या कॉइलवरून जातो. तापमानाचा नॉब निळ्याकडून लालकडे थोडा फिरवला की आपण हेच करत असतो. एसी आणि हीटर एकाच वेळी चालवण्यात विसंगती नाही, सगळी रचनाच त्यासाठी आहे. ज्यांच्या गाडीच्या पडद्यावर ‘२४ अंश’ दिसतं त्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की ते २४ अंश गार आणि गरम हवेच्या मिश्रणातूनच जमवले जातात. बायपास केलेल्या गाडीत गरम हवा नाहीच. मग पडदा २४ म्हणतो, एसी बर्फ ओकतो आणि मागच्या सीटवरची आजी शाल मागते. ज्या यंत्राला आपण ‘लागतं कुठे’ म्हणून तोडलं ते बारा महिने काम करत होतं, फक्त त्याच्या नावाची पाटी कुठे लागत नव्हती.

अमेरिकेत समोरच्या काचेवरचं बाष्प आणि बर्फ घालवण्याची यंत्रणा ही १९६८पासून सुरक्षेच्या कायद्यातली बाब आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये टेस्लाला तिथे २६,६८१ गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला, कारण सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे हीट पंपाची एक झडप भलत्या वेळी उघडत होती आणि काच साफ होण्यात कसर राहू शकत होती. दुरुस्ती इंटरनेटवरून झाली, गाडी गॅरेजातही न्यावी लागली नाही. तरी सरकारदरबारी नोंद ‘सुरक्षेतला दोष’ अशीच झाली. मिनेसोटात किंवा टोरंटोत राहणाऱ्या आपल्या कुणा नातेवाइकाला ‘हीटर बायपास कर’ सांगून पाहा. आपल्याकडे बर्फ नाही हे कबूल. पण काचेतून न दिसणं घाटात बर्फानं होतं की वाफेनं, हे दरीला सारखंच.

आता थर्मोस्टॅट. याच्याविषयी आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कुठल्या सुट्या भागाविषयी नसतील. मेणाची गोळी असलेली ही छोटी झडप. इंजिन गार असताना बंद, पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांना पोचलं की उघडणारी. कधी ती बंद अवस्थेत अडकते आणि इंजिन उकळतं. पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या काळात मेकॅनिकांनी त्याच्यावर सोपा इलाज शोधला: झडपच काढून फेका, पाणी कायम फिरत राहील. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला त्याचं फारसं काही वाटत नसे. पेट्रोल थोडं जास्त जायचं, लक्षात कोण घेतो.

आजचं इंजिन मात्र पाण्याचं तापमान वाचून वागतं. पाणी पुरेसं तापलं नाही तर त्याला वाटतं, आपण अजून सकाळी सुरू झालो त्याच अवस्थेत आहोत, आणि ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. ऑइलमधली वाफ उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरा मलईसारखा थर जमतो. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावला की पी ०१२८ हा कोड दिसतो, ज्याचा अर्थ एवढाच की पाणी हवं तितकं तापत नाही. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर प्रकरण आणखी महाग. त्यांच्या धुराड्यातल्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळावी लागते आणि इंजिन नीट तापल्याशिवाय बहुतेक गाड्या ते काम हाती घेतच नाहीत. काजळी साठत जाते, फिल्टर तुंबतो. काही शे रुपयांची झडप वाचवली आणि फिल्टर धोक्यात घातला.

याहून मोठा विनोद पुढे आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे एक तबकडी असते. झडप उघडली की ती तबकडी बायपासची छोटी वाट बंद करते, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडे वळतं. अशा इंजिनातला थर्मोस्टॅट काढला तर ती आडवाट कायमची उघडी राहते. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं. इंजिन गार राहावं म्हणून केलेल्या उपायानं ते कसारा घाटात उकळतं. मग मालक रेडिएटर बदलतो, वॉटर बॉडी बदलतो, पंखा बदलतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

आणि घाटात उकळणाऱ्या गाडीवरून आठवलं. जुने ट्रकवाले आणि टॅक्सीवाले एक युक्ती सांगतात: काटा लालकडे सरकू लागला की काचा खाली करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात लावा. आतल्यांचे हाल होतात, पण इंजिनाला उसंत मिळते. ही अंधश्रद्धा नाही. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग पाण्यात जातो आणि हीटर हा त्या पाण्याचा दुसरा, छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात खंबाटकी चढताना तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. उष्ण प्रदेशात हीटर नको म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

मालकाच्या हलगर्जीपणाचा आरोप मी सरसकट फेटाळणार नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओतणारे मालक आहेत. एका रंगाच्या कूलंटमध्ये दुसऱ्या रंगाचं मिसळणारे आहेत. गळती थांबवणारी पूड टाकून वर्ष ढकलणारे तर खूप आहेत. हीटरच्या कॉइलमधल्या नळ्या सगळ्यात बारीक, त्यामुळे क्षार, गाळ आणि पूड आधी तिथेच बसतात. पण मालकाला हे सांगितलं कुणी? दर सर्व्हिसच्या बिलावर ‘कूलंट टॉप-अप’ असतं. कूलंटमधली गंज रोखणारी रसायनं काळानुसार संपतात, ते ठरावीक मुदतीत पूर्ण काढून नवं भरायचं असतं, हे वाक्य गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून क्वचित येतं. शिवाय हीटरच्या बऱ्याच तक्रारींचा पाण्याशी संबंधच नसतो. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तुटतं आणि डॅशबोर्डमागून टक-टक-टक ऐकू येऊ लागतं. यात मालकाचा काय गुन्हा? पंख्याचा रेझिस्टर जळतो आणि पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो. यात काय?

माझा खरा राग इथे आहे. ‘हीटर गेला’ हे निदान नाही, ती तक्रार आहे. निदान कसं करायचं ते कुठल्याही चांगल्या फिटरला ठाऊक असतं आणि त्याला एक स्कॅनरही लागत नाही. इंजिन तापू द्या, हीटर गरमवर ठेवा, बोनेट उघडा आणि मागच्या पत्र्यातून आत जाणारे ते दोन पाइप सांभाळून चाचपा. दोन्ही चांगले गरम असतील तर पाणी व्यवस्थित खेळतं आहे. दोष झडपेत किंवा पंख्याच्या बाजूला आहे. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर कॉइल तुंबली आहे किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, नाहीतर कूलंट कमी आहे, नाहीतर एअर धरली आहे. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो तो या अडकलेल्या हवेचाच. तिला काढायला गाडी चढावर नाक वर करून उभी करायची आणि इंजिन गार असतानाच झाकण उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ते चालू करायचं. यात नव्या सुट्या भागाची गरज नाही, संयमाची आहे.

कॉइल खरंच गळत असेल तर तीही स्वतः ओरडून सांगते. गाडीत गोडसर वास येतो. समोरच्या काचेवर आतून तेलकट साय धरते, पुसली तरी फरफटते. डाव्या सीटच्या पायाजवळचा गालिचा ओला होतो. इथे पावसाळ्यात हमखास घोटाळा होतो, कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी तोच गालिचा ओला होतो आणि दाराच्या रबरातून पाऊस शिरला तरीही. बोटाला लावून पाहा. नुसतं पाणी असेल तर एसी किंवा पाऊस; बुळबुळीत आणि रंगीत असेल तर कूलंट. चाखून पाहू नका, ते विषारी असतं. एवढी तपासणी न करता जो थेट पाइपांना हात घालतो त्यानं दुरुस्ती नाकारली आहे आणि नकाराचे पैसे घेतले आहेत.

बायपासवाले म्हणतील, हीटर लागतो तो हिमालयातल्या थंडीत, पण आपल्यातलं लाहौल-स्पितीला जातं कोण? तर आजकाल बरेच जातात. २०२०मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईच्या गाड्या भर थंडीत लाहौलमध्ये दिसतात. हीटर बायपास झालेली आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलेली गाडी तिथे रात्रभर उभी राहिली तर ऊब नसणं ही सगळ्यात लहान अडचण असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असेल तर तेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं.

आता चौथा मुद्दा, ज्यात दम आहे. समजा निदान नीट झालं आणि कॉइल गळते हे सिद्ध झालं. बदलायची कशी? बहुसंख्य गाड्यांत ती डॅशबोर्डच्या पोटात, एसीच्या कॉइलसोबत एकाच प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवलेली असते. बॅटरी सोडवा, एअरबॅगमधला साठलेला विद्युतभार उतरायला थांबा, स्टिअरिंग काढा, मीटर काढा, मधला कन्सोल काढा, वायरिंगचे डझनावारी कनेक्टर सोडवा, एसीचा गॅस काढून घ्या, कूलंट काढा, मग आडवा लोखंडी दांडा आणि मग कुठे ते खोकं. परत जोडताना हेच उलट क्रमानं, आणि गॅस नव्यानं. एकदा काढल्यावर पुन्हा तशाच न बसणाऱ्या क्लिपा, नंतर खड्ड्यात खडखडणारा डॅशबोर्ड, एअरबॅगचा न विझणारा दिवा, ही दक्षिणा वेगळी. कॉइलची किंमत एका बाजूला आणि मजुरी दुसऱ्या बाजूला ठेवली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दहा वर्षांची गाडी असलेला पगारदार माणूस हे बिल ऐकून ‘बायपास करा’ म्हणाला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मेकॅनिकलाही नाही. दोन दिवस बे अडवून ठेवायची, वर ‘आधी असा आवाज नव्हता’ ऐकायचं, हे त्याला परवडत नाही.

पण मग निष्कर्ष ‘हीटर निरुपयोगी’ असा कसा निघतो? निघायला हवा तो असा, की ज्या भागातून वर्षानुवर्षं गरम पाणी फिरणार आहे, म्हणजे जो कधीतरी गळणारच आहे, तो कुणीतरी कागदावर अशा जागी ठेवला जिथे हात पोचत नाही. हे यंत्रशास्त्राचं विधिलिखित नाही. व्होल्वोच्या दोन गाड्या पाहा. १९७४ ते १९९३ या काळात बनलेली २४० ही दणकट म्हणून नावाजलेली गाडी, पण तिच्या हीटरचा पंखा बदलणं इतकं कुप्रसिद्ध की आधी पंखा ठेवून त्याच्याभोवती गाडी बांधली अशी थट्टा होत असे. त्याच कंपनीनं १९९१मध्ये ८५० आणली. तिची हीटर कॉइल पायाजवळच्या बाजूनं, डॅशबोर्डला धक्का न लावता काढता येते. कंपनी तीच, देश तोच, थंडीही तीच. फरक आराखडा काढणाऱ्याच्या मर्जीचा. कारखान्यात डॅशबोर्ड अख्खा जोडून एका फटक्यात गाडीत बसवला की मिनिटं वाचतात. ती वाचलेली मिनिटं दहा वर्षांनी तुमच्या बिलावर तास होऊन येतात.

सुटे भाग आणि माहिती कुणाच्या हातात असावी हा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कारनिर्मात्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, कारण अस्सल सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. पोर्टल चांगलंच, पण कायदा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२मध्ये याच विषयावर कायदा केला आणि त्याच्या दबावाखाली २०१४मध्ये कंपन्यांना देशभरासाठी करार मान्य करावा लागला. हीटर तोडणाऱ्या मेकॅनिकला शिव्या देणं सोपं आहे, त्याच्या हातात पुस्तिका देणं अवघड.

‘विजेच्या गाड्या आल्या की हे सगळं संपेल’ असंही ऐकतो. संपणार नाही, महागेल. इंजिनाची फुकट उष्णता तिथे नसते, म्हणून वेगळा विजेचा हीटर किंवा हीट पंप बसवतात, तोही नारिंगी केबलवरच्या उच्च दाबावर. त्याला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं प्रशिक्षणाशिवाय हात लावूच नये.

तेव्हा हीटर बिघडला तर ते दोन पाइप चाचपल्याशिवाय कुणालाही कापू देऊ नका. एअर काढली का, थर्मोस्टॅट तपासला का, कॉइल उलट्या दिशेनं पाणी सोडून धुऊन पाहिली का, हे विचारा. तुंबलेल्या पण न गळणाऱ्या कॉइला अशा धुण्यानं बरेचदा मोकळ्या होतात. जुनी गाडी घेत असाल तर भर उन्हाळ्यातही दहा मिनिटं हीटर लावून पाहा. गरम हवा आली नाही तर बोनेट उघडून पाइपांची गाठ शोधा आणि किंमत पाडून मागा. आणि परवडत नाही म्हणून बायपास करायचाच असेल तर जरूर करा, पण बिलावर ‘हीटर बायपास’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि गाडी विकाल तेव्हा ते बिल घेणाऱ्याच्या हातात द्या.